हेडफोनवर सायट्रान्स मिक्स करताय? या चुका टाळा

"हेडफोनवर मिक्स जमत नाही, स्पीकरच घे," असा सल्ला नव्या मुलांना हमखास मिळतो. मिक्स म्हणजे ट्रॅकमधल्या सगळ्या आवाजांचा तोल बसवणं. दहा बाय दहाच्या खोलीसाठी हा सल्ला मला पटत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं अंतर असेल तर साधारण 56 हर्ट्झला आवाज घुमतो. भिंतीजवळ तो फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. हणजूण-वागातोरच्या गोवा ट्रान्समधून पुढे आलेल्या सायट्रान्स या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीताचा सगळा जीव किक (ड्रमचा ठोका) आणि बेसमध्ये (खालच्या सुरांत) असतो, आणि ते दोघे नेमके याच पट्ट्यात, 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास बसतात. अशा खोलीत हेडफोनच जास्त भरवशाचा. मात्र तो नीट निवडायला हवा.

ऐकायला मस्त म्हणून मिक्सिंगला घेणं

सर्वांत जास्त मिक्स इथेच बिघडतात. गाणी ऐकण्यासाठीच्या बऱ्याच हेडफोनमध्ये बेस मुद्दाम वाढवलेला असतो. तुम्हाला तो भरपूर वाटतो, म्हणून तुम्ही मिक्समध्ये कमी करता, आणि तोच ट्रॅक गाडीत पोकळ वाजतो. उलटही होतं. सेनहायझर एचडी 600 सारखे ओपन-बॅक (कप मागून उघडे असलेले) हेडफोन मधल्या पट्ट्यात फार प्रामाणिक आहेत, पण अगदी खालचा बेस त्यांच्यात उतरत जातो. त्यावर ऐकून सब (हा अगदी खालचा बेस) वाढवत गेलात तर मोठ्या साउंड सिस्टिमवर नुसता चिखल होतो.

घ्यायच्या आधी किंवा घेतल्यावर लगेच एक चाचणी करा. तुमच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा साइन वेव्हचा (शुद्ध सुराचा) आवाज लावा आणि 130 हर्ट्झपासून 32 हर्ट्झपर्यंत एकेक सूर खाली उतरत या. सगळे सूर एकाच लेव्हलला ठेवा. खाली जाताना आवाज हळूहळू बारीक वाटणारच, कारण माणसाचा कानच तसा आहे. पण मध्येच एखादा सूर उसळून आला किंवा एकदम गडप झाला, तर ती बहुतेक वेळा हेडफोनची करामत. ते सूर लिहून ठेवा. तुमची बेसलाइन एफ या सुरात, म्हणजे सुमारे 44 हर्ट्झला असेल आणि तिथेच खड्डा असेल, तर त्या सुराची लेव्हल कानावर ठरवू नका. मीटर आणि रेफरन्स ट्रॅक (तुलनेसाठी घेतलेलं तयार गाणं) बघून ठरवा.

बेस गायब झाला की हेडफोनला दोष देणं

आधी दोन्ही कप हाताने हलकेच दाबून बघा. बेस वाढला तर हवा गळतेय. चष्म्याची जाड काडी, कानावरचे केस, दबून गेलेले इअरपॅड, यातलं काहीही कारण असू शकतं. क्लोज्ड-बॅकमध्ये (कप मागून बंद असलेल्यांत) तर एवढ्याशा फटीतून सब पार निघून जातो. कोकणात आणि मुंबईत घाम आणि दमट हवेने रेक्झिनच्या पॅडची सालं निघायला लागतात, तेव्हा नवा हेडफोन बघण्याआधी नवे पॅड बघा. चष्मा असेल तर वेलूरचे (मखमली) मऊ पॅड आणि बारीक काडीची फ्रेम, एवढ्यानेही फरक पडतो.

ब्लूटूथवर काम करणं

145 बीपीएमला (मिनिटाला 145 ठोके) सोळाव्या भागाची एक नोट, म्हणजे ठोक्याचा चौथा हिस्सा, साधारण 103 मिलिसेकंदांची असते. नेहमीचं ब्लूटूथ सहज 150 ते 250 मिलिसेकंद मागे राहतं. म्हणजे कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज येईपर्यंत एक-दोन नोटा निघून गेलेल्या असतात. नॉइज कॅन्सलिंगवाल्या हेडफोनमध्ये आतली चिप स्वतःच्या हिशेबाने बेस बदलते, ते वेगळंच. मिक्सिंगला वायर लागतेच, यात मी तडजोड करणार नाही.

ओहमकडे न बघणं

बायरडायनॅमिक डीटी 770 प्रो हा एकच हेडफोन 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळत आलाय. ओहम हे इम्पिडन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप. 250 वाला लॅपटॉपच्या जॅकला लावला की बहुतेकदा आवाज पुरत नाही. दुसऱ्या बाजूला, ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या साउंडच्या डब्याच्या) हेडफोन आउटपुटचा इम्पिडन्स जास्त असेल तर कमी ओहमच्या हेडफोनचा बेस फुगू शकतो. आउटपुटचा आकडा हेडफोनच्या आकड्याच्या आठव्या भागाहून कमी असावा, हा ढोबळ नियम पुरेसा आहे.

मोनो न तपासणं

ही चूक हेडफोनवर ऐकूच येत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. मोनो म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून एकच. स्पीकरचे दोन्ही आवाज हवेत मिसळून दोन्ही कानांत जातात. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात, उजवा फक्त उजव्या. समजा, तुम्ही बेसवर वाइडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट) लावला आणि दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींच्या उलट झाल्या. हेडफोनमध्ये त्या एकमेकींना भेटतच नाहीत, त्यामुळे बेस रुंद आणि दणदणीत वाटतो. पार्टीतल्या सबवूफरवर (बेसच्या स्पीकरवर) तो बहुतेकदा मोनो होतो, आणि मग त्या लहरी एकमेकींना खोडून टाकतात. किक वाजते, बेस नाही. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनेलवर) मोनोचं बटण ठेवा आणि दर थोड्या वेळाने दाबा. साधारण 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोच ठेवा. हेडफोनवर पॅनिंगही (आवाजांची डावी-उजवी मांडणी) आहे त्याहून रुंद वाटतं.

करेक्शन प्लगइन चालू ठेवून एक्स्पोर्ट करणं

हेडफोनचा आवाज सपाट करणारं प्लगइन मास्टरवर असेल आणि तसाच एक्स्पोर्ट केलात, तर तुमच्या हेडफोनचा उलटा ईक्यू (पट्ट्यांची कमी-जास्त केलेली पातळी) गाण्यात कायमचा बसतो. फाइल प्रोजेक्टपेक्षा चिरकी किंवा बोजड वाजली की आधी हेच बघा. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग एफएक्सची (फक्त ऐकण्यापुरत्या इफेक्टची) वेगळी जागा आहे, तिथलं एक्स्पोर्टमध्ये येत नाही. विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट आणि स्पेशियल साउंडही (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) बंद करा.

आवाज वाढवत नेणं

जोरात ऐकलं की बेस भरलेला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून लेव्हल हळू आवाजात ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास अशी आहे, 90 डेसिबलला फक्त 4. कान एकदा गेला की परत येत नाही.

मग घ्यायचा कोणता?

घर शांत असेल आणि रात्री काम होत असेल तर ओपन-बॅक. पण डोक्यावर पंखा गरगरत असेल, शेजारी टीव्ही असेल, तर ओपन-बॅकमध्ये तो सगळा घरघराट आत येतो आणि बारीक तपशील झाकून टाकतो. अशा घरात एकच घ्यायचा असेल तर मी 80 ओहमचा डीटी 770 प्रो सुचवेन. त्याचा वरचा पट्टा जरा टोचतो, हे लक्षात ठेवून हाय-हॅट (ड्रमच्या झांजेचा आवाज) फार खाली आणू नका. सेनहायझर एचडी 25 डीजेसाठी उत्तम, पण कानावर दाबून बसतो, चार तास मिक्स करायला नको. आणि घेताना केबल बघा. एचडी 600 ची केबल काढून बदलता येते. जुन्या डीटी 770 प्रोची निघत नाही, तुटली तर सोल्डरिंग करणाराच शोधावा लागतो.