फिल्टरमधून बारीक बुडबुडे येतात? या चुका टाळा

माशांच्या काचेच्या टाकीतलं पाणी दुधाळ दिसू लागलं की माणूस तालुक्याच्या दुकानात जातो आणि मोठा फिल्टर घेऊन परत येतो. बहुतेक वेळा हे पैसे वाया जातात. आधी पंप दहा मिनिटं बंद करून पाहा. पाणी नितळ झालं तर ते बुडबुडे होते. धूसरच राहिलं तर तो गाळ, त्याचा इलाज वेगळा. झाडांच्या पानांवरून एकेक मणी वर चढत असेल, तर तो झाडांनी सोडलेला प्राणवायू आहे. त्याच्या मागे लागू नका.

पाणी गळत नाही, म्हणजे जोड पक्का आहे?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. विहिरीवरची मोटर हवा घेते तेव्हा सक्शन पाइपातून थेंबही बाहेर येत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कॅनिस्टर फिल्टरचं, म्हणजे टाकीबाहेर ठेवून नळ्यांनी जोडलेल्या बंद डब्याच्या फिल्टरचंही तसंच आहे. पाणी ओढणाऱ्या नळीचा जो भाग टाकीतल्या पातळीच्या वर असतो, तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. केसाएवढी फट असली तरी हवा आत शिरते आणि पंपातला फिरता पंखा, म्हणजे इंपेलर, तिचा भुगा करून टाकीत फेकतो. तोंडावरची जाळी किंवा आतला स्पंज तुंबला असेल तर ही ओढ आणखी वाढते.

शोधायचं कसं? फिल्टर चालू ठेवून एकेका जोडावर ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि थोडं थांबा. ज्या जोडावर बुडबुडे कमी होतील, तोच चोर. साबणाचा फेस लावून तपासायच्या भानगडीत पडू नका, तो आत ओढला जाईल आणि मासे जातील. नळीचं टोक कडक झालं असेल तर बोटभर कापून पुन्हा बसवा, क्लिप आवळा. जोडातल्या गोल रबरी रिंगला (ओ-रिंग) सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने काही रबर फुगतात. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर खोबणीत बसला असेल तर रिंग काढून तिथे व्हिनेगर लावा, थर सुटला की स्वच्छ धुवा. सुरीने खरडलं की नवी फट तयार झालीच म्हणून समजा.

पातळीकडे दुर्लक्ष

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि टाकी बघता बघता दोन बोटं उतरते. मग काठावर टांगलेल्या फिल्टरची धार उंचावरून पडते आणि हवा सोबत खाली नेते. सम्प, म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली फिल्टरची वेगळी टाकी असेल तर तिच्यातला पंपाचा कप्पाच आटतो, भोवरा होतो आणि पंप हवा पितो. काचेवर मार्करने रेघ मारा आणि पाणी तिच्याखाली जाऊ देऊ नका.

टाकीच्या आत बसवायच्या फिल्टरला हवेची एक बारीक नळी येते. तिची चकती पूर्ण उघडी असेल तर बुडबुडे येणारच, तो बिघाड नाही. चकती थोडी फिरवा. हवेच्या पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड फिल्टरच्या तोंडाशी असेल तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकवा.

मात्र बुडबुडे नकोत म्हणून भर उन्हाळ्यात हवेचा पंपच बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना सुमारे 7. मासे आधीच पाण्यावर तोंड काढून असतात. टाकी थोडी धूसर दिसली तर दिसू द्या.

लाईन जाऊन आली की फिल्टरमध्ये अडकलेली हवा काही वेळ बाहेर पडत राहते. कॅनिस्टर हलकेच तिरका करून हलवला की ती लवकर निघते. नवा स्पंज बसवण्याआधी पाण्यात बुडवून दाबून घ्या.

बोअरचं ताजं पाणी सरळ टाकीत सोडलं की काचेवर, कधीकधी माशांच्या परांवरही बारीक बुडबुडे चिकटतात. हे मात्र नुसतं दिसायला वाईट नाही. जमिनीखाली दाबात विरघळलेला वायू माशाच्या अंगात सुटला तर मासा मरूही शकतो. असं पाणी बादलीत रात्रभर हवेचा पंप लावून ठेवा, मगच टाकीत ओता.