फोटो तीस, माहिती शून्य: बालवाडीतून पालकांना कळवताना या चुका टाळा

जूनमध्ये नव्या ताया रुजू होतात. पहिल्या आठवड्यात त्यांचे दोन्ही हात रडणाऱ्या पोरांना कडेवर घेण्यात गुंतलेले असतात, तोवर सगळं बरं चालतं. मुलं रुळली की एक हात मोकळा होतो आणि त्या हातात मोबाइल येतो. तिथून पुढे वर्षभर पालकांना ‘अपडेट’ जात राहतात आणि घरच्यांना खरं काही कळत नाही.

मी बालवाडी चालवते आणि दुसऱ्या बालवाड्यांतल्या तायांची शिबिरंही घेते. गावं बदलतात, चुका त्याच असतात. त्यातल्या दोन मला फारच छळतात, त्यामुळे त्यांच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

फोटोंचा मारा

दहीहंडी झाली, टाका तीस फोटो ग्रुपवर. पालक त्यात काय बघतात? आपलं पोर. बाकीचे एकोणतीस फोटो ते अंगठ्याने वर सरकवतात. आणि ज्यांचं पोर एकाही फोटोत नाही, त्यांच्या घरून संध्याकाळी फोन येतो, तोही बहुतेक वेळा आजीचा: “आमची कुठे दिसली नाही ती? रडत होती का?” रडत वगैरे काही नव्हती हो. हंडी फुटत होती तेव्हा ती कोपऱ्यात बसून खाली पडलेले लाह्यांचे दाणे वेचत होती आणि मजेत होती. पण कॅमेऱ्यासमोर जो गप्प उभा राहतो त्याचा फोटो येतो. जो खरंच काहीतरी करत असतो तो एक तर पाठमोरा असतो, नाहीतर हललेला.

शिवाय ताई स्क्रीनमध्ये बघत असते तेव्हा मुलांकडे बघत नसते. घसरगुंडीवरून पडल्याच्या तक्रारी मी नीट खोदून विचारते तेव्हा “मी फोटो काढत होते” हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता राग येणंही बंद झालंय.

फोटोला संमती आहे का, हा आणखी वेगळा प्रश्न. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या लेकराचा फोटो स्वतःच्या स्टेटसला लावायचा नाही हे सांगावं लागू नये. सांगावं लागतं.

आमच्याकडची रीत अशी: वर्ग सुरू असताना तायांचे मोबाइल कपाटात. शुक्रवारी मावशी पाच-सहा फोटो काढतात आणि ते मुलांच्या कामाचे असतात: मातीचे नाग, रांगेत लावलेल्या चिंचोक्यांची गाडी, रंगाने बरबटलेले हात. चेहरे नाहीत. पहिल्या महिन्यात पालक कुरकुरतात, मग कुरकुर थांबते. प्रवेशाच्या अर्जावर फोटोबद्दल वेगळी सही घ्यायची आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांना पुन्हा विचारून भंडावायचं नाही.

चावल्याची बातमी

अडीच वर्षांच्या गटात चावाचावी होतेच. मनात राग मोठा, तोंडात शब्द थोडे, मग दात चालतात. यात ना मूल वाईट असतं ना ताई. घोळ होतो तो कळवण्यात.

माझ्या माहितीतल्या एका बालवाडीत सकाळी दहाच्या सुमारास एका मुलीच्या हाताला दुसरा मुलगा चावला. ताईने जखम साबण-पाण्याने धुतली, बर्फ फडक्यात गुंडाळून लावला, मुलीला मांडीवर घेतलं. इथपर्यंत सगळं चोख. पण घरी फोन केला नाही. “सुटताना सांगते ना!” सुटताना आले रिक्षाकाका. त्यांच्या रिक्षात आणखी सहा पोरं. मुलगी गेली घरी.

संध्याकाळी आंघोळ घालताना आईला कोपराखाली दातांची गोल खूण दिसली. तिने फोटो काढला आणि थेट वर्गाच्या ग्रुपवर टाकला: “हे काय आहे?” ताई घाबरली आणि घाईत तिथेच लिहून बसली की अमुक अमुक चावला, त्याच्या मम्मीला समज दिली आहे, सॉरी. झालं! पंधरा मिनिटांत बाकीच्यांना आपापल्या पोरांचे ओरखडे आठवले. कुणी लिहिलं, अशा मुलांना वेगळं बसवा. कुणी लिहिलं, घरचे संस्कार. चावणाऱ्याचे वडील लोकलमध्ये उभ्या उभ्या हे सगळं वाचत होते आणि त्यांच्या बायकोला अजून कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. ‘समज दिली’ हे ताईने घाबरून ठोकून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी फाटकात मोठी माणसं भांडत होती आणि ज्यांचं भांडण, ती दोघं आत एकाच टबात पाणी खेळत होती. खूण तीन दिवसांत गेली. मुलाला मात्र दिवाळीच्या आधी बालवाडीतून काढून नेलं.

म्हणून माझा हट्ट आहे: अंगावर कसलीही खूण उठली, की शाळा सुटायच्या आत फोन. मेसेज नाही, फोन. ज्या ताईने पाहिलं तिनेच करायचा. संचालिकेने केला की पालकांना वाटतं, काहीतरी मोठं झालंय. बोलण्याचा क्रमही मी पाठ करून घेते. आधी “ती ठीक आहे, आत्ता खेळतेय.” मग काय झालं, किती वाजता, आम्ही काय केलं. कातडी फाटली असेल तर “डॉक्टरांना दाखवून घ्या” हे स्पष्ट सांगायचं. दुसऱ्या मुलाचं नाव विचारतील, तरी द्यायचं नाही. “ते आमच्याकडे राहू द्या, त्याच्या घरच्यांशी आम्ही बोलतोय.” आणि मग खरंच बोलायचं, त्याच दिवशी, समोर बसवून, फाटकात नव्हे. आईने फोन उचलला नाही तर वडिलांना. त्यांनीही नाही उचलला तर डब्याच्या पिशवीत चिठ्ठी आणि रिक्षाकाकांना तोंडी निरोप. नोंदवहीत वेळ आणि सही.

आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय असते, ती आजच करा. ‘पालकांना मोकळेपणाने बोलता यावं’ म्हणून ग्रुप उघडा ठेवणाऱ्यांनी एकदा तरी रात्री त्यावरचा मोकळेपणा वाचून पाहावा.

‘छान खेळला, डबा संपवला’

डायरीत रोज हेच. पंचवीस मुलं, पंचवीस ‘छान’. आता त्यात ॲप आलंय: जेवण, शू, झोप यांवर खुणा आणि एक हसरा चेहरा. दोन मिनिटांत वर्ग उरकतो म्हणून नव्या तायांना ते फार आवडतं. मला नाही आवडत.

हे वाचा: “आज टबात करवंटीने बाटली भरत होता. पाणी सांडलं की तोंड बाटलीजवळ नेऊन बघायचा. मग करवंटी ठेवली आणि चहाचा छोटा कप शोधून आणला.” बस्, तीन ओळी. यात मूल दिसतं, आणि घरी आजोबा त्याच रात्री त्याला पेला आणि बाटली देऊन बघतात. रोज पंचवीस मुलांचं असं लिहिणं जमणार नाही, मान्य. रोज चौघांचं लिहा. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवा, लिहून झालं की खूण करा. दीड आठवड्यात सगळ्यांची फेरी होते.

तायांना हे लिहिण्यावाचून सुटका नाही, कारण आता फाटक बंद असतं आणि आत काय चाललंय ते पालकांना दिसत नाही. पूर्वी असं नव्हतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिथे आया येता-जाता सगळं बघत होत्या. डायरीची गरजच नव्हती.

वजन सरकारला कळतं, आईला नाही

अंगणवाडीतली ही चूक. मूल काट्यावर चढतं, आकडा पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये जातो, पुढचं मूल. आई दारात उभी असते आणि तिला फक्त “हो, झालं” एवढंच ऐकू येतं. सेविकांवर नोंदींचा बोजा किती आहे हे मला ठाऊक आहे, तरीही. माता-बाल संरक्षण कार्डावरचा आलेख आईला दाखवायलाच तर छापलेला आहे. तिच्यासमोर ठिपका काढा, मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडा, रेघ वर गेली की आडवी झाली ते तिला बोटाने दाखवा. दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली दाखवत असेल तर ते तीव्र कुपोषण. ते सगळ्या बायकांसमोर मोठ्याने सांगू नका. तिला बाजूला घ्या, आणि पुढे कुठे, कोणत्या दिवशी जायचं हे सांगूनच सोडा.

साथ लपवणं

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार येतो: ताप, तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ. संचालिका म्हणतात, “सांगितलं तर मुलं यायची बंद होतील.” नाही सांगितलं तर आठवड्यात निम्मा वर्ग घरी बसतो, आणि मग पालक एकमेकांकडून ऐकतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ६ दिवस जातात, म्हणून पहिलं मूल कळताच त्याच दिवशी त्या गटाच्या पालकांना लिहा. मुलाचं नाव नको. काय बघायचं, मुलाला घरी केव्हा ठेवायचं, आपण खेळणी कशी धुतोय, एवढं पुरे. बहुतेक मुलं ७ ते १० दिवसांत बरी होतात, हेही लिहा. नाहीतर पालक इंटरनेटवरचे भलते फोटो बघून रात्र जागवतील.

उरलेल्या

रात्री साडेदहाला “उद्या यलो डे, पिवळे कपडे घालून पाठवा.” एक तर दोन दिवस आधी सांगा, नाहीतर यलो डे सोडून द्या. मुलांचं काही बिघडत नाही.

सूचना इंग्रजीत, आणि पोराला आणायला येणारी आजी मराठी वाचणारी. जो न्यायला येतो त्याला समजेल अशा भाषेत लिहा. वाचता येत नसेल तर आवाजी निरोप पाठवा.

फक्त आईलाच फोन. बाबांचा नंबर अर्जावर शोभेसाठी नसतो.

“बाकीची मुलं रंग ओळखतात, हा अजून नाही” असं पालकसभेत सगळ्यांसमोर. नको म्हणजे नको.

मूल बोट धरून उभं असताना त्याच्या डोक्यावरून “आज फार त्रास दिला हो” असं फाटकात सांगणं. त्याला सगळं कळतं. बोलायचंच असेल तर दुपारी फोन करा, आणि तक्रार सांगायच्या आधी विचारा: रात्री झोपला होता ना नीट? निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.