तज्ज्ञांचं एकमेकांशी पटत नाही तेव्हा: सुरक्षेच्या वादातून आपल्या कामाचं कसं काढायचं

एका कार्यालयाची कॉम्प्युटर व्यवस्था सांभाळणं हे माझं काम. कुठे डेटा फुटल्याची बातमी आली की लोक माझ्या टेबलाशी येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "हे खरंय का? दुसरे तज्ज्ञ तर उलटंच सांगतायत." एक म्हणतो पासवर्ड कागदावर लिहू नका, दुसरा म्हणतो खुशाल लिहा. एक म्हणतो एसएमएसवरचा ओटीपी धोक्याचा, दुसरा म्हणतो आजच चालू करा. ऐकणारा वैतागतो आणि काहीच करत नाही. सगळ्यांत महाग पडतं ते हेच.

अशा बहुतेक भांडणांत दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात, फक्त प्रश्न कोणता ते सांगायचं राहून गेलेलं असतं. तो शोधायची माझी पद्धत इथे मांडते. क्रम मागेपुढे झाला तरी चालेल, पहिली पायरी मात्र गाळू नका.

कोणापासून?

तज्ज्ञाचा सल्ला हातात आला की मी त्याच्या शेवटी एक शेपूट जोडते: "...असा हल्लेखोर असेल तर." मग तो हल्लेखोर कोण, ते भरायचा प्रयत्न करते.

एसएमएसचंच घ्या. मोबाइल कंपनीच्या माणसाला गंडवून तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवता येतो, आणि मग तुमचे कोड त्याच्याकडे जातात. हे होतं, यात शंका नाही. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था एनआयएसटी हिने २०१७च्या मार्गदर्शिकेत एसएमएसला 'मर्यादित' गटात टाकलं. बंदी घातली नाही. पण सिम वळवायला कुणीतरी खास तुमच्या मागे लागावं लागतं. उलट फुटलेल्या पासवर्डांची यादी घेऊन हजारो खात्यांवर एकामागून एक प्रयत्न करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला तुम्ही कोण हे ठाऊकही नसतं. तो साध्या एसएमएस कोडपाशी अडतो आणि पुढच्या खात्याकडे वळतो. म्हणजे शोधपत्रकार, बड्या पदावरची व्यक्ती किंवा डिजिटल चलनात मोठी रक्कम ठेवणारा असेल तर पहिला तज्ज्ञ ऐकायचा. ज्यांनी पासवर्डनंतर कोडचा दुसरा टप्पाच अजून लावलेला नाही त्यांनी दुसरा तज्ज्ञ ऐकायचा.

कागदाचंही तसंच. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५मध्येच लिहिलं होतं की लक्षात न राहणारा मोठा पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला तुमच्या पाकिटात हात घालता येत नाही. धोका घरातल्याच माणसापासून असेल, पाळत ठेवणारा जोडीदार असेल, तर हाच सल्ला घातक ठरतो. आणि अशी माणसं थोडी नसतात, म्हणून "घरात काय भीती?" असं सरसकट सांगणाऱ्या तज्ज्ञाकडे मी जरा सावधपणेच बघते.

सल्ला कोणत्या सालचा?

सुरक्षेतले सल्ले शिळे होतात, पण ते फेकायचं काम कुणाचंच नसतं. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला: हा नियम घट्ट रुजला तो एनआयएसटीच्या २००३च्या एका दस्तऐवजामुळे. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७मध्ये वृत्तपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेनेही ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची शंका आली तरच बदलायला लावा, असं लिहिलं.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी स्वतः ओळखता येईल. बदलायची सक्ती झाली की माणूस शेवटच्या १चा २ करतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये हजारो जुन्या खात्यांच्या पासवर्डांवर हे तपासलं: आधीचा पासवर्ड हाती असेल तर ४१ टक्के नवे पासवर्ड काही सेकंदांत निघत होते. तरीही आजही कितीतरी ठिकाणी ९० दिवसांचा नियम चालू आहे, कारण ऑडिटच्या फॉर्मवर तो रकाना अजून आहे.

सार्वजनिक वायफायची भीतीही याच जातीची. २०१०मध्ये फायरशीप नावाची ब्राउझरची जोड आली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक एका क्लिकवर उघडता यायला लागलं. तेव्हाचा इशारा शंभर टक्के खरा होता. पुढे बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा जोडणीवर गेल्या आणि तो विशिष्ट हल्ला जवळपास बाद झाला. इशारा मात्र तसाच फिरतोय, आणि तो फिरवणाऱ्यांत व्हीपीएन (तुमची इंटरनेटची वाहतूक झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) विकणारे बरेच आहेत. सल्ल्याखाली खरेदीचं बटण असेल तर सल्ला खोटाच असतो असं नाही, पण तेच म्हणणारं, काही न विकणारं दुसरं कुणी आहे का, एवढं शोधा.

आकडा दिसला की सूत्र बघा

"गंभीरता १०पैकी ९.८" अशी बातमी येते आणि सगळे हादरतात. सॉफ्टवेअरमधली एखादी चूक किती गंभीर हे सांगणारा हा सीव्हीएसएस नावाचा गुणांक. आकड्याशेजारी एक लांबलचक सांकेतिक ओळ असते, ती बातमीत कधीच येत नाही. मी आधी ती शोधते. एव्ही:एन म्हणजे हल्ला नेटवर्कवरून होऊ शकतो. एसी:एल म्हणजे फार खटपट लागत नाही. पीआर:एन म्हणजे आधी लॉगिन लागत नाही. यूआय:एन म्हणजे वापरणाऱ्याने काही क्लिक करायचीही गरज नाही. ही चारही एकत्र दिसली आणि ते सॉफ्टवेअर माझ्याकडे बाहेरच्या जगाला दिसेल असं चालू असेल, तर मी हातातलं काम टाकते. एव्हीपुढे एल असेल, म्हणजे हल्ला थेट नेटवर्कवरून होत नसेल, तर तोच अपडेट मी इतर अपडेट्सबरोबर घेते.

हा आकडा काय सांगत नाही हे हार्टब्लीडवरून कळतं. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे असंख्य साइट्स सुरक्षित जोडणीसाठी वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली ही चूक. एका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंत काहीही बाहेर यायचं, आणि विनंत्या हव्या तितक्या पाठवता यायच्या. पासवर्ड, सर्व्हरची खासगी किल्ली, जे हाती लागेल ते. श्नायर म्हणाले, १ ते १०च्या मापात ही ११ आहे. तेव्हाच्या सीव्हीएसएसने दिले होते ५.०. का? चुकीमुळे माहिती फक्त वाचता येत होती, बदलता येत नव्हती, आणि वाचणंही सूत्राच्या भाषेत 'अंशतः' होतं. जगातल्या किती सर्व्हरवर ते चालतंय हा रकानाच त्या सूत्रात नव्हता. श्नायर अख्ख्या इंटरनेटबद्दल बोलत होते, आकडा एका चुकीच्या प्रकाराबद्दल.

म्हणून मी गुणांकाबरोबर आणखी एक यादी उघडते. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा २०२१पासून एक यादी चालवते, तिच्यात ज्या चुका प्रत्यक्षात वापरल्या गेल्यात तेवढ्याच असतात. ७.५ गुणांची चूक त्या यादीत असेल आणि ९.८ची नसेल, तर मी आधी ७.५ची बुजवते.

मोठा वाद: एन्क्रिप्शनला मागचं दार असावं का?

एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती बदलणं. इथे जरा थांबते, कारण या वादात सामान्य माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो. पोलीस म्हणतात, गुन्हेगाराचा फोन उघडता येत नाही. क्रिप्टोग्राफर, म्हणजे एन्क्रिप्शनचे तज्ज्ञ, म्हणतात, फक्त पोलिसांनाच उघडता येईल असं दार बनत नाही. दोन्ही बाजूंना नावाजलेली माणसं. अशा वेळी मी विधानं तीन ढिगांत वेगळी करते: तांत्रिक, मोजणीची आणि मूल्यांची. प्रत्येक ढिगाचा तज्ज्ञ वेगळा असतो.

तांत्रिक ढिगात विचारायचं: हे करून बघितलंय का, आणि काय झालं? १९९३मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर चिप आणली. संभाषण एन्क्रिप्ट होणार, पण किल्ली सरकारकडे राहणार. पुढच्याच वर्षी संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवलं की सरकारला किल्ली ओळखायला मदत करणारा जो तुकडा प्रत्येक संभाषणाबरोबर जायचा, त्याची खात्री फक्त १६ बिटांच्या चेकसमवर, म्हणजे तुकडा अस्सल आहे का हे तपासायच्या छोट्या आकड्यावर होती. म्हणजे ६५,५३६ शक्यता. इतक्या शक्यता कॉम्प्युटर तपासून काढतो, खोटा तुकडा बनतो, एन्क्रिप्शन चालू राहतं आणि सरकारची किल्ली निकामी. ग्रीसमध्ये २००४-०५मध्ये कायदेशीर फोन-टॅपिंगची सोय असलेल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुणीतरी शिरलं आणि तीच सोय वापरून पंतप्रधानांसह शंभराहून जास्त जणांचे फोन ऐकले. २०२४मध्ये अमेरिकेच्या टेलिकॉम कंपन्यांत हॅकर घुसले, तेव्हा न्यायालयाच्या आदेशावरून गोळा झालेली माहितीही त्यांच्या हाती लागली. त्याच डिसेंबरात सीसाने बड्या पदांवरच्या लोकांना शेवटापासून शेवटापर्यंत एन्क्रिप्शन असलेली, म्हणजे बोलणाऱ्यांशिवाय मधल्या कुणालाच निरोप वाचता येत नाही अशी, अॅप्स वापरायला सांगितलं. या ढिगात क्रिप्टोग्राफरांचं पारडं मला स्पष्ट जड वाटतं.

मोजणीच्या ढिगात विचारायचं: आकडा कुणी मोजला, आणि कसा? अमेरिकेची तपास संस्था एफबीआय कितीतरी महिने सांगत होती की एका वर्षात सुमारे ७,८०० फोन उघडता आले नाहीत. २०१८मध्ये तिलाच कबूल करावं लागलं की मोजणीत चूक झाली, वेगवेगळ्या नोंदींतले तेच फोन पुन्हा पुन्हा मोजले गेले. खरा आकडा बराच कमी होता. २०१६चा खटलाही आठवून बघा: अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडायला अॅपलशिवाय मार्ग नाही, असं न्यायालयात सांगितलं गेलं. मार्चअखेर सरकारने खटला मागे घेतला, कारण बाहेरच्या कुणीतरी फोन उघडून दिला होता.

आणि तिसरा ढीग: काही गुन्हे उलगडणार नाहीत हे मान्य करून सगळ्यांची खासगी बोलणी जपायची की नाही? इथे गणिताचा प्राध्यापक, पोलीस अधिकारी आणि तुम्ही, तिघांचं मत सारख्याच वजनाचं. क्रिप्टोग्राफर या ढिगात आले की पहिल्या ढिगातला अधिकार नकळत घेऊन येतात. पोलीस अधिकारी इथला कळवळा घेऊन पहिल्या ढिगात जातात, आणि "हुशार लोकांनी मनावर घेतलं तर जमेल" म्हणतात. वाद ऐकताना कोण कुठल्या ढिगातून कुठे सरकला यावर लक्ष ठेवलं, तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

"आम्ही तुमची गोपनीयता जपतो"

कंपन्यांच्या दोन शब्दांवर मी नेहमी अडते. पहिला 'एन्क्रिप्टेड'. किल्ली कुणाकडे? क्रिप्टोग्राफर मॅथ्यू ग्रीन यांनी सुचवलेली एक सोपी कसोटी आहे: तुमचा फोन गेला आणि पासवर्डही विसरलात असं समजा. नवा फोन, नवा पासवर्ड. कंपनीने जुने फोटो, जुने निरोप जसेच्या तसे परत दिले, तर किल्ली कंपनीकडे आहे, आणि तुम्हाला दिलं तसं ती दुसऱ्यालाही देऊ शकते. हे प्रत्यक्ष करून बघू नका. मदतीच्या पानावर 'पासवर्ड विसरल्यास' वाचलं तरी उत्तर मिळतं. "रिकव्हरी की हरवली तर आम्हीही काही करू शकत नाही" असं लिहिलेलं दिसलं तर ते चांगलं लक्षण. मग ती की मात्र सांभाळा.

दुसरा शब्द 'निनावी'. संशोधक लतन्या स्वीनी यांनी २०००मध्ये मांडलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतात. २००६मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने तेच मोजलं तर ६३ टक्के आले. तज्ज्ञांत मतभेद आहे असं कुणी म्हटलं तर आकडे बघा: नावं पुसून काम भागत नाही यावर दोघांचं एकमत आहे.

एवढं करूनही ठरत नसेल तर

चुकलं तर काय जाईल आणि निर्णय फिरवता येईल का, एवढं बघा. सार्वजनिक यूएसबी पोर्टमधून फोनची माहिती चोरली जाते का, यावर २०२३मध्ये एफबीआयच्या एका कार्यालयाच्या इशाऱ्यानंतर बराच काथ्याकूट झाला. स्वतःचा चार्जर बरोबर असतोच, तो भिंतीच्या सॉकेटला लावा आणि वाद त्यांचा त्यांना घालू द्या.

ठरवलं की एका फाइलमध्ये तारीख, निर्णय आणि तो कशामुळे बदलेन ते लिहून ठेवा. माझ्या फाइलमधली सध्याची उघडी नोंद पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या, फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या डिजिटल किल्लीची आहे. बाजूने म्हणणाऱ्यांचा मुद्दा पक्का आहे: पासकी त्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब बनावट पानावर ती चालतच नाही. विरोधकांचा मुद्दाही खरा: एका कंपनीच्या व्यवस्थेत साठवलेल्या पासकी दुसरीकडे न्यायच्या कशा? पासकीची मानकं ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या संघटनेने त्यासाठीच्या मानकाचा मसुदा ऑक्टोबर २०२४मध्ये काढला. मी कामाच्या ईमेलला पासकी लावली आहे, त्याच खात्याला एक हार्डवेअर किल्लीही (लॉगिनसाठीचं छोटं वेगळं उपकरण) जोडून कपाटात ठेवली आहे, आणि नोंदीखाली लिहिलंय: माझ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड आणि पासकी साठवणाऱ्या अॅपमध्ये) पासकी बाहेर काढायची सोय आली की बाकीची खाती.