कम्युनिटी कॉलेजचा अर्ज: सुरुवात शेवटाकडून

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, प्रवेश मिळणं अवघड नाही. बारावी पास, इंग्रजीच्या परीक्षेत बेताचे गुण आणि फी भरायची ऐपत, एवढ्यावर बहुतेक कॉलेजं होकार देतात. एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागत नाही, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला अनेक ठिकाणी ५.५ किंवा ६ चालतात. घोडं अडतं ते पुढे: बँकेच्या कागदांपाशी, नावाच्या स्पेलिंगपाशी आणि व्हिसाच्या खिडकीवर ‘कम्युनिटी कॉलेजच का?’ या प्रश्नापाशी. म्हणून आधी ठरवायचं ते चौथ्या वर्षी पदवी कुठल्या विद्यापीठाची हवी ते. कॉलेज त्यानंतर.

कारण सरळ आहे. इथे दोन वर्षांत मिळते ती असोसिएट डिग्री, साधारण ६० युनिटांची (युनिट म्हणजे क्रेडिट, विषयाच्या अभ्यासाचं माप). भारतात तिला पूर्ण पदवी धरत नाहीत, त्यामुळे तेवढीच घेऊन परतलात तर हातात फारसं काही पडत नाही. खरा उपयोग ट्रान्सफरचा: पहिली दोन वर्षं कमी फीत काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं.

ही वाट सगळ्यात नीट आखलेली आहे कॅलिफोर्नियात, तेव्हा उदाहरण तिथलंच घेऊ. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. त्यांतला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो, हे ‘असिस्ट डॉट ऑर्ग’ या अधिकृत संकेतस्थळावर विषयवार मांडलेलं असतं. कॉलेज, विद्यापीठ आणि शाखा निवडली की दोन रकान्यांचा तक्ता उघडतो. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे कॉलेजचा. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं दोन-तीनदा दिसलं तर ते कॉलेज तुमच्या शाखेसाठी कामाचं नाही, मग तिथे मावसभाऊ राहत असला तरी.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ‘टॅग’ म्हणजे ट्रान्सफरची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला मागता येतो आणि अर्जाची मुदत १ ते ३० सप्टेंबर असते. शाखांचे अपवादही पाहा. सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला टॅग लागू नाही, आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स त्याच इंजिनिअरिंगमध्ये येतं.

बाराचा आकडा आणि पंधराचा

इथे भलेभले फसतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या नियमाने सेमिस्टरला किमान १२ युनिटं घ्यावी लागतात. विद्यार्थी १२ घेतो आणि निर्धास्त राहतो. पण १२ गुणिले ४ म्हणजे ४८, आणि ट्रान्सफरला लागतात ६०. टॅगसाठी तर बहुतेक कॅम्पसना अर्जाआधीच्या उन्हाळ्याअखेर ३० युनिटं झालेली हवीत, आणि पहिल्या वर्षाची बारा-बारा धरून होतात २४. म्हणजे व्हिसा सुरक्षित, हमी गेली. सेमिस्टरला १५ घ्या, नाहीतर १२-१२ करून उन्हाळ्यात ६ भरा. डी अँझा, फूटहिलसारखी काही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धतीची आहेत, म्हणजे सत्रं लहान आणि जास्त. तिथे ६० चे ९० आणि ३० चे ४५ होतात.

खर्चाचा हिशेबही इथूनच बदलतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट. समजा युनिटमागे ४०० डॉलर आहेत. कॉलेज तुम्हाला वर्षाचा अंदाज बहुधा २४ युनिटांवर देईल, म्हणजे ९,६००. तुम्ही घेणार ३०, म्हणजे १२,०००. आणि हा हिशेब दोन वर्षांवर थांबवू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची नुसती फीच ४५ हजार डॉलरच्या वर जाते. एफ-१ वर दोन वर्षं राहिल्याने तुम्ही फीपुरते ‘रहिवासी’ होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पैसा दिसत नसेल, तर तुलनेने स्वस्त अशा कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दुसऱ्या सरकारी समूहाच्या) एखाद्या विद्यापीठाकडे डोळा ठेवून विषय निवडावेत.

अर्ज भरताना

कॉलेजला एफ-१ साठी आय-२० (व्हिसाला लागणारं कॉलेजचं प्रवेशपत्र) देण्याची परवानगी आहे का, ते ‘स्टडी इन द स्टेट्स’ या अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर तपासा. मग कॉलेजच्या ‘इंटरनॅशनल’ विभागातूनच अर्ज भरा. स्थानिक मुलांसाठीचा अर्जही ऑनलाइन, सोपा आणि फुकट असतो, म्हणून तोच भरून बसणारे पुष्कळ. त्यातून विद्यार्थी क्रमांक मिळतो, आय-२० मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी ‘ज्युनियर कॉलेज’मध्ये होते. अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे कम्युनिटी कॉलेजच. अर्जात ‘याआधी कुठल्या कॉलेजात शिकलात का?’ असं विचारलं की मुलं आपल्या ज्युनियर कॉलेजचं नाव घालतात, आणि महिनाभराने तिकडून विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टची मागणी येते. अकरावी-बारावी नेहमी ‘हायस्कूल’च्या रकान्यात लिहा. मार्कशीटसोबत एका ओळीचं पत्र जोडा: महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज म्हणतात, ते उच्च माध्यमिक शिक्षण आहे. पण एफवाय झालं असेल, अर्धवट सोडलं असेल, तरी ते दाखवायचंच. लपवलेलं वर्ष ट्रान्सफरच्या वेळी बाहेर आलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

आता नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पाटील स्नेहा रमेश. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात पाटील आणि ‘गिव्हन नेम’मध्ये स्नेहा रमेश. अर्ज भरताना मार्कशीट समोर ठेवली तर ‘फर्स्ट नेम’मध्ये पाटील जातं आणि आय-२० त्याच नावाने निघतो. समोर ठेवायचा तो पासपोर्ट, आणि अक्षर न् अक्षर त्यातलं. मार्कशीटवर स्पेलिंग वेगळं असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या; बोर्डाच्या विभागीय मंडळात त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर तोही आत्ताच भरून घ्या, नाहीतर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं आणि पुढे बँक खात्यापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत ते निस्तरावं लागतं.

अर्ज एजंटाकडून भरून घेत असाल तरी ई-मेल आणि पासवर्ड स्वतःचा द्या. एजंटाने स्वतःचा मेल घातला की कॉलेजची सगळी पत्रं त्याच्याकडे जातात आणि एखादी मुदत गेल्याचं तुम्हाला शेवटी कळतं.

पैशाचे कागद

आय-२० साठी एका वर्षाचा पूर्ण खर्च कुठून येणार ते दाखवायचं असतं: फी, राहणं-खाणं, आरोग्य विमा, पुस्तकं. आकडा प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. पैसा हाताशी असलेला हवा: बचत खातं, एफडी किंवा बँकेचं शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र. सातबारा, फ्लॅटची किंमत आणि सोनं कॉलेज धरत नाही. पीएफ आणि एलआयसीची पॉलिसीही बहुधा नाही. पतपेढीच्या ठेवीची पावती बऱ्याचदा परत येते, कारण तिकडे त्या संस्थेला बँक मानत नाहीत. तो पैसा दोन-तीन महिने आधी बँकेत आणून ठेवा. कर्ज काढायचं असेल तर असोसिएट डिग्रीला बँक कर्ज देते का, हे अर्जाआधी विचारा.

बँकेचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं. तारीख बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांच्या आतली. त्यात एक खुसपट निघतंच: आपण ३०,००,००० असं लिहितो, तिकडच्या कारकुनाला ते स्वल्पविराम कळत नाहीत. रक्कम अक्षरी लिहून घ्या आणि त्या दिवशीच्या दराने डॉलरमधलीही. मागितल्या रकमेपेक्षा दहा टक्के जास्त दाखवा, रुपया घसरला तर पत्र पुन्हा करावं लागत नाही. खातं आई-वडिलांचं असेल तर खर्च उचलण्याचं त्यांचं सहीचं हमीपत्रही जोडा. पुढे पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, घेते. तो रिटर्नमध्ये वळता होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो नसतो.

आय-२० ते व्हिसा

ऑगस्टच्या प्रवेशासाठी कामाला आधीच्या नोव्हेंबरात लागावं. जानेवारीपर्यंत इंग्रजीची परीक्षा, फेब्रुवारी-मार्चमध्ये अकरावीच्या मार्कशीटवर अर्ज, आणि बारावीचा निकाल लागला की त्याची भर. निकाल हातात आल्यावर अर्ज करू म्हणाल तर मे-जूनमध्ये मुंबईत मुलाखतीची तारीख मिळता मिळत नाही. उशीर झालाच तर जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होणारं स्प्रिंग सेमिस्टर धरा. फक्त टॅगची गणना तेव्हा पुन्हा मांडा.

आय-२० ई-मेलने येतो. छापून सही करा. वय १८ च्या आत असेल तर पालकांचीही हवी. सहीआधी जन्मतारीख पाहा. आपण ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट लिहितो, तिकडे ते आठ मे होतं. आय-२० वर महिना अक्षरात असतो, चूक लगेच दिसते.

मग आय-९०१ म्हणजे सेव्हिस फी, ३५० डॉलर (सेव्हिस ही परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदप्रणाली). डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म आणि व्हिसाची १८५ डॉलर फी त्यानंतर. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची सगळी खाती लिहावी लागतात, आणि २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. फॉर्म दुरुस्त करून नव्याने भरलात तर नवा क्रमांक अपॉइंटमेंटशी जुळवून घ्या, नाहीतर दारातूनच परत यावं लागतं. बोटांचे ठसे आधी वेगळ्या केंद्रावर, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. तिथे ‘फी कमी आहे म्हणून’ एवढंच उत्तर दिलं की २१४(ब) या व्हिसा नाकारण्याच्या कलमाखाली नकाराचा कागद हातात पडायची शक्यता वाढते. उत्तर असं हवं: अमुक कॉलेजात दोन वर्षं हे विषय, मग अमुक विद्यापीठात ही शाखा, चारही वर्षांचा खर्च असा आणि तो भरणार अमुक, आणि परतल्यावर हे काम. असिस्टचा तक्ता तुम्ही स्वतः वाचला असेल तर हे पाठ करावं लागत नाही. नकार आलाच तर व्हिसाची फी गेली, सेव्हिस फी मात्र १२ महिने चालते.

व्हिसा मिळाला की तिकीट आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आतलं काढा. त्याआधी प्रवेश नाही. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांची राहण्याची सोय इथूनच करा आणि ती बसच्या मार्गावर आहे का पाहा. क्षयरोगाची चाचणी मागितली तर रक्ताची करा, त्वचेवरची नको: लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. पोचल्यावर आधी इंटरनॅशनल ऑफिसात हजेरी लावा, सेव्हिसमध्ये तुमची नोंद तेच करतात. आणि विषय घेताना एक लक्षात ठेवा: व्हिसाच्या १२ युनिटांत ऑनलाइन वर्ग एकच, तोही तीन युनिटांपर्यंत, मोजतात.