"सेम टू सेम पाहिजे" म्हणणारा क्लायंट आणि गेम क्लोनिंगचा कॉपीराइट

गेम स्टुडिओत नवीन लागलात की लवकरच असं काम अंगावर येतंच. क्लायंट एका हिट गेमची लिंक पाठवतो आणि म्हणतो सेम टू सेम असाच पाहिजे, फक्त कलर बदला. मी पुण्यात मोबाइल गेम्सवर काम करतो आणि ज्युनियर पोरं हमखास विचारतात, दादा हे चालतं का, केस बिस होईल का? मी वकील नाही, पण या केसेस वाचायचा नाद आहे, म्हणून लिहितोय.

गेमचे नियम कोणाच्या बापाचे नसतात. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे स्क्रॅब्युलस. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी स्क्रॅबलसारखा (बोर्डवर अक्षरं लावून शब्द बनवायचा खेळ) हा गेम फेसबुकवर आणला, तो तुफान चालला, आणि स्क्रॅबलचे हक्क असलेली मॅटेल कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. 2008 मध्ये कोर्टाने कॉपीराइटचा मुद्दा मान्य केला नाही. बोर्ड हे डिझाइन म्हणून रजिस्टर होऊ शकत होतं, तसं न करता कारखान्यात 50 पेक्षा जास्त नग काढले की आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) नुसार त्यातला कॉपीराइट संपतो. पण नाव? ते मात्र ट्रेडमार्कमध्ये अडकलं, म्हणून पुढे लेक्स्युलस झालं. (हे कलम बघून हुरळून जाऊ नका, छापील बोर्ड वेगळा आणि तुमच्या स्क्रीनवरचं आर्ट, अ‍ॅनिमेशन वेगळं.)

आता उलटी बाजू, आणि ही नीट वाचा. झिओ नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने आयफोनसाठी मिनो नावाचा टेट्रिससारखा गेम काढला. त्यांनी आधी कायद्याचा अभ्यास केला होता, कोड स्वतःचा लिहिला होता, आणि टेट्रिसवरून घेतलंय हेही कबूल केलं, म्हणणं एवढंच की आम्ही फक्त नियम उचलले. तरी 2012 मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टात हरले. कारण दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्या तर कुठली कोणाची ते पटकन कळेना. 10 बाय 20 चं बोर्ड, खाली पडणाऱ्या तुकड्याची सावली, तुकडा बसला की बदलणारा रंग, गेम संपल्यावर भरत जाणारं बोर्ड, हे सगळं कोर्टाने एकेक करून बघितलं. तुकडे पाडून ओळी भरायच्या ही आयडिया कोणीही घ्यावी, पण ते असंच दिसायची काही सक्ती नव्हती ना?

ट्रिपल टाउन विरुद्ध येती टाउन या दोन गेम्सची अमेरिकेतली केस पण त्याच वर्षीची. अस्वलांच्या जागी येती (हिममानव) टाकले तरी केस फेटाळा ही येती टाउनवाल्यांची मागणी कोर्टाने मानली नाही, मग सेटलमेंट झाली आणि येती टाउनचे हक्कच ट्रिपल टाउनवाल्यांकडे गेले. म्हणजे री-स्किन केलं की सुटलो, हे डोक्यातून काढा.

अमेरिकेतल्याच एका कराटे गेमच्या केसमध्ये मात्र 1988 साली ज्याच्यावर कॉपीचा आरोप होता त्याच्या बाजूने निकाल लागला, कारण कराटे म्हटलं की लाथा, ठोसे, पंच (रेफरी) हे येणारच.

मी स्वतः काय करतो तर एक्सेल शीट उघडून दोन कॉलम करतो, एकात नियम साध्या वाक्यात, दुसऱ्यात डोळ्याला दिसणारं आणि कानाला ऐकू येणारं सगळं. "तीन सारखे जुळले की एक मोठा होतो" हे पहिल्यात, "गवताचं झुडूप होतं, झुडपाचं झाड" हे दुसऱ्यात. मग फक्त पहिल्या कॉलमवरून राखाडी चौकोनांचा प्रोटोटाइप बनवायचा, आणि आर्टिस्टला मूळ गेमचे स्क्रीनशॉट द्यायचेच नाहीत, थीम तोंडी सांगायची. स्केचेस तारखेसकट ठेवायचे. कंटाळवाणं आहे पण स्टोअरवरून गेम उडाला तर हेच दाखवायला उपयोगी पडतं, आणि कोर्टापेक्षा स्टोअरची टेकडाउन नोटीसच आधी येते.

नोकरीत असाल तर तुमच्या कामाचे हक्क सहसा कंपनीचे असतात. फ्रीलान्सवाल्यांनी मात्र काँट्रॅक्टमधलं इन्डेम्निटीचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की कोणी दावा केला तर सगळा खर्च तुमचा, आणि रेफरन्स लिंक तर क्लायंटनेच दिलेली असते! ते कलम काढायला सांगा, किंवा निदान तुमच्या फीएवढी मर्यादा घाला, मी मागितली तेव्हा बऱ्याच क्लायंटनी कुरकुर न करता दिली.