घरात आजारी माणूस असेल तर फादरांना कधी बोलवावं, तयारी काय करावी

‘फादर घरी आले म्हणजे आता संपलं’ ही भीती अजून कितीतरी कॅथलिक घरांत आहे. त्यामुळे होतं असं, की आजी महिना-दीड महिना अंथरुणाला खिळलेली असते, शुद्धीवर असते, बोलत असते, आणि चर्चच्या ऑफिसात फोन जातो तो तिची शुद्ध हरपल्यावर. फादर धावत येतात, तेल लावतात. पण तोवर तिला पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) करता येत नाही, ख्रिस्तशरीर (कम्युनियनमध्ये मिळणारी पवित्र भाकर) गिळता येत नाही, मनात साठलेलं सांगता येत नाही. हे सगळं तिला मिळू शकलं असतं.

या भीतीचं मूळ तेल लावण्याच्या या संस्काराच्या जुन्या नावात आहे. ‘अंतिम अभ्यंग’ म्हटलं की शेवटच डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केलं, की या संस्काराला ‘रुग्णांचा तैलाभ्यंग’ म्हणणं अधिक योग्य आणि तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही ‘कोणी आजारी आहे काय’ असंच विचारलं आहे, ‘कोणी मरायला टेकलं आहे काय’ असं नाही.

कधी बोलवायचं

आजार गंभीर आहे असं कळलं की लगेच. कॅन्सरचं निदान झालं, हृदयविकाराचा झटका येऊन गेला, किडनी निकामी झाली, गंभीर आजारासाठी ऑपरेशन ठरलं, तर तेव्हाच फोन करा. ऑपरेशन असेल तर दाखल होण्याआधी एक-दोन दिवस उत्तम. वयाने फार थकलेल्या माणसाला वेगळा आजार नसला तरी हा संस्कार घेता येतो. समज आलेल्या मुलांनाही देतात. साधा ताप, दाढ काढणं, हाताचं साधं फ्रॅक्चर यांसाठी तो नाही; तिथे प्रार्थना आणि आशीर्वाद पुरेसा.

‘एकदा घेतला, आता पुन्हा मिळत नाही’ हाही गैरसमज आहे. माणूस बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर संस्कार पुन्हा देता येतो.

बेशुद्ध माणसालाही तो मिळतो, शुद्धीवर असता तर त्याने मागितला असता असं धरून. प्राण गेला की नाही याबद्दल शंका असेल तरीही फादर तेल लावू शकतात. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं असेल तर मात्र तैलाभ्यंग होत नाही, मृतासाठी प्रार्थना होते. अशा वेळी फादर कितीही कळवळले तरी त्यांच्या हातात काही नसतं, त्यांच्यावर रागावू नका.

फोनवर काय सांगायचं

नाव, वय, आजार, पत्ता आणि कुठल्या वस्तीतून बोलता आहात ते. हॉस्पिटल असेल तर वॉर्ड, बेड नंबर आणि आयसीयूत भेटीची वेळ. त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी लोक हमखास विसरतात: रुग्ण शुद्धीवर आहे का, बोलू शकतो का, गिळू शकतो का. त्यावरून फादरांना ठरवता येतं की सोबत काय न्यायचं. तैलाभ्यंग आणि पापनिवेदन फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. कम्युनियन मात्र नेमलेले प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले) सेवकही घरी आणतात. अनेक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरोघर कम्युनियन देतात. त्या यादीत नाव घालायला सांगा. संस्काराची फी नसते. पाकिटाची जमवाजमव करण्यात फोन लांबवू नका.

खोलीची तयारी

रुग्णाच्या नजरेला पडेल असं छोटं टेबल. त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची बाटली, पिण्याच्या पाण्याचा पेला, एक चमचा, स्वच्छ रुमाल आणि थोडा कापूस. कापूस फादरांच्या अंगठ्याला लागलेलं तेल पुसायला. तो नंतर कचऱ्यात न टाकता जाळतात. टेबलावरच्या औषधाच्या पट्ट्या, थर्मामीटर, कालचा चहाचा कप आधी उचला. टीव्ही बंद.

खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नका. ऑक्सिजनमुळे चादर, उशी, केस क्षणात पेट घेतात. बॅटरीवरचे दिवे ठेवा किंवा काहीच ठेवू नका. मेणबत्तीविना संस्काराला काहीही उणं येत नाही.

रुग्णाचे हात कोमट पाण्याने पुसून पांघरुणाबाहेर काढून ठेवा, कारण तेल कपाळाला आणि हातांना लावतात. हाताच्या पाठीवर सलाईनची सुई असेल, बँडेज असेल, तर तसं सांगा. अडचणीच्या वेळी फक्त कपाळाला लावलं तरी चालतं.

फादर आल्यावर

१. कम्युनियन घेऊन येणाऱ्याला दारात गप्पांत अडकवू नका, थेट खोलीत न्या. चहा नंतर.

२. पापनिवेदनाची वेळ आली की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लावून घ्यायचं. ‘आईला ऐकू कमी येतं, मी सांगते तिच्या वतीने’ असं म्हणत थांबणारी मुलगी प्रेमापोटीच थांबते, पण त्या पाच मिनिटांत आई एकटी असायला हवी. बोलता येत नसेल तर मान हलवून, हात दाबूनही पश्चात्ताप व्यक्त करता येतो.

३. मग सगळे आत. वचन वाचलं जातं, मध्यस्थीच्या प्रार्थना होतात, आणि फादर काहीही न बोलता रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता मुद्दाम असते, ती मोडू नका. मोबाइल बंद ठेवा, व्हिडिओ काढू नका.

४. पवित्र आठवड्यातल्या (ईस्टरच्या आधीच्या) तैलाशीर्वादाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल, बहुधा ऑलिव्हचं, कपाळाला आणि हातांना लावतात. ते लगेच पुसायचं नाही.

५. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सगळ्यांनी मिळून, रुग्णाच्या गतीने म्हणायचं. त्यानंतर कम्युनियन. घरातल्या इतरांना घ्यायचं असेल तर आधीच सांगा. एरवी तासभर आधी काही खायचं नसतं. आजारी, वयस्क आणि त्यांची सेवा करणारे यांना मात्र या नियमातून सूट आहे.

गिळायला त्रास असेल तर

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. माणसाला उशा लावून बसतं करा, हनुवटी किंचित खाली. आडव्या माणसाच्या तोंडात काही घालू नका. ख्रिस्तशरीराचा तीळभर तुकडाही पुरतो, त्यातही ख्रिस्त पूर्ण असतो. तो चमचाभर पाण्यासोबत द्यायचा. पाण्याने ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी फक्त दाट पदार्थ सांगितले असतील तर पाण्याऐवजी तेच द्या. शंका असेल तर आदल्या दिवशी चर्चमधून साधी, अभिमंत्रित न केलेली भाकर आणून तिच्या तुकड्याने गिळता येतं का ते पाहा.

स्मृतिभ्रंश झालेली माणसं घास गालात साठवून ठेवतात. आई शांत बसली म्हणजे गिळलं असं नाही. दोन मिनिटांनी ‘आ कर बघू’ म्हणून पाहा. ख्रिस्तशरीर तोंडातून बाहेर आलं तर घाबरू नका आणि बेसिनमध्येही टाकू नका. स्वच्छ पाण्याच्या पेल्यात ठेवा, फादरांना सांगा. ते पूर्ण विरघळल्यावर पाणी मातीत, झाडाच्या मुळाशी ओततात.

नाकातून नळी घातली असेल आणि तोंडाने काहीच चालत नसेल, तर ख्रिस्तरक्ताचा (अभिमंत्रित द्राक्षारसाचा) थेंब जिभेवर देता येईल का ते डॉक्टरांना आणि फादरांना आधी विचारा. ते ऐनवेळी जमत नाही. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर कम्युनियन आदल्या संध्याकाळी उरकून घ्या.

मधल्या लांब दिवसांत

फादर येऊन जातात, आजार राहतो. रोज पन्नास मण्यांची पूर्ण रोझरी (जपमाळ) थकलेल्या माणसावर लादू नका. सकाळी एक दशक (दहा मणी), दुपारी एक, रात्री एक, इतकं पुष्कळ झालं. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, म्हणजे माळ जपताना मनन करायचे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग. दुखणं असह्य असेल तर शब्दही नकोत, नुसती माळ हातात द्या. नातवाचं नाव विसरलेली आजी ‘नमो मारिया’चा उत्तरार्ध बिनचूक म्हणते, असं पुष्कळ घरांत दिसतं. म्हणून प्रार्थना तिने लहानपणी ज्या शब्दांत पाठ केली त्याच शब्दांत म्हणा, नव्या पुस्तकातल्या सुधारित शब्दांत नको.

रुग्ण देवावर चिडला तर त्याला गप्प करू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते त्याच्यासोबत वाचा. ‘देव परीक्षा पाहतो’ हे वाक्य मात्र आजाऱ्याच्या खाटेजवळ बोलू नये, त्याने जखम होते. आणि प्रार्थना चालू आहे म्हणून एकही गोळी बंद करू नका.

सेवा करणाऱ्याबद्दलही सांगायला हवं. आजाऱ्याला सोडून जाता येत नाही म्हणून रविवारचा मिस्सा चुकला, तर ते पाप नाही. आजारी आणि त्याचा सांभाळ करणारा, दोघांनाही त्या बंधनातून मोकळीक आहे. इन्सुलिनवर असलेल्याने राखेच्या बुधवारी उपवास करायचा नाही. टीव्हीवरचा मिस्सा दोघांनी मिळून पाहा. पण महिन्यातून एक-दोन रविवार तरी शेजाऱ्याला दोन तास बसवून सुनेला किंवा मुलाला चर्चला जाऊ द्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला नेमका वार आणि वेळ सांगा.

शेवट जवळ आला तर

आधी पापनिवेदन, मग तैलाभ्यंग, मग अखेरचं कम्युनियन, असा क्रम असतो. या अखेरच्या कम्युनियनचं लॅटिन नाव ‘व्हियाटिकुम’, म्हणजे शब्दशः वाटेची शिदोरी. मरणाच्या घडीचा खरा संस्कार तो आहे, तेल नव्हे. यासोबत फादर प्रेषितीय आशीर्वादही, म्हणजे पोपच्या नावाने मरणासन्नाला दिला जाणारा खास आशीर्वाद, देतात. ते विसरले तर मागा. फादर पोहोचायच्या आत श्वास मंदावला, तर हातात क्रूस द्या आणि कानाशी हळू ‘येशू, मारिया, योसेफ’ म्हणत राहा. ऐकू येत नाही असं गृहीत धरू नका.

आजच एक काम करा. फ्रिजवर डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्सचे नंबर चिकटवले असतील, त्यांच्याखाली चर्च ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा आणि रात्रपाळीला येणाऱ्या आयाबाईला तो दाखवून ठेवा.