फोन ठेवला तरी लाइन सुटेना

पुण्याच्या ऑफिसात आणि नाशिकच्या कारखान्यात जुनी अ‍ॅनालॉग ईपीएबीएक्स (आतल्या फोनांचं एक्स्चेंज). दोन्ही धडधाकट, त्यामुळे नवीन घ्यायला साहेब तयार नव्हते (खरं सांगायचं तर मीही). मधे लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली कायमची डेटा लाइन) होतीच, तिच्यावरूनच दोन्ही जोडायची ठरवली. पुण्याची दोन एक्स्टेंशन एफएक्सओ गेटवेला (एक्स्चेंजला साध्या फोनसारखा लागून आवाज नेटवर्कवर पाठवणारा डबा) जोडली. नाशिकला एफएक्सएस गेटवे (एक्स्चेंजला बाहेरच्या लाइनसारखा दिसणारा), तिथल्या ट्रंक पोर्टला, म्हणजे एरवी बाहेरची लाइन लागते तिथे. बाहेरच्या लाइनी मुद्दाम यात आणल्या नाहीत, फक्त आपापसातले कॉल.

आवाज पहिल्याच दिवशी स्वच्छ. पण दुपारपर्यंत दोन्ही लाइनी कायम बिझी. गेटवे रीस्टार्ट केला की तासभर बरं, पुन्हा तेच. दोन दिवस मी नेटवर्कच तपासत बसलो. उगाच.

घोटाळा टोनचा होता. पुण्याच्या माणसाने फोन ठेवला की आमची ईपीएबीएक्स गेटवेच्या एक्स्टेंशनवर नुसता बिझी टोन देते. तो ओळखून गेटवेने लाइन सोडायची. आता गेटवेच्या सेटिंगमध्ये देश होता अमेरिका, म्हणून तो तिथला टोन शोधत होता: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आमचा टोन रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत (ध्वनी तपासायचं सॉफ्टवेअर) पाहिला, तर ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. भारतातला नेहमीचाच! ते आकडे भरले आणि तीन-चार टूंटूंनंतर लाइन आपोआप सुटू लागली.

फॅक्स मात्र जी.७२९ वर (आवाज खूप दाबून पाठवणारं कोडेक) जाईना. त्या पोर्टला जी.७११ (फारसं न दाबणारं) दिलं, गेला.